वाढते वजन : पाप, आजार की सवय?



वाढलेल्या वजनाचा विषय आपल्यात बहुधा थट्टेवारी निघतो. "काय, तब्येत चांगलीच सुधारली!" असे मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणीतरी म्हणते. ऐकणारा हसतो आणि घरी जाऊन गप्प बसतो. थट्टा करणाऱ्याची समजूत अशी असते की हा माणूस फार खातो, आळशी आहे, याचा जिभेवर ताबा नाही. पुष्कळदा त्या माणसाचीही स्वतःविषयी तशीच समजूत झालेली असते आणि तो मनातल्या मनात कुढत राहतो.

आजच्या या पाठात आम्ही तीन प्रश्न घेतले आहेत. वजन का वाढते? ख्रिस्तसभा खादाडपणा कशाला म्हणते? आणि एक धर्मग्राम म्हणून आपण एकमेकांना काय मदत करू शकतो?

दुष्काळी मुलखातला देह

आपला सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ आपल्यातील वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. अशा मुलखात अंगाने भरलेला माणूस म्हणजे 'खात्यापित्या घरचा' माणूस. बाळाने बाळसे धरले की आजी खूश होते. ताटात काही उरले तर आई म्हणते, "खाऊन माजावं, टाकून माजू नये." हे संस्कार चुकीचे नव्हते. अन्न मिळेल तेव्हा खाऊन घ्यावे, कारण पुढचे सांगता येत नाही, हा त्या काळचा शहाणपणा होता.

पण तुटवड्याची आठवण केवळ मनात राहत नाही, ती देहातही उतरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके लहान आणि बारीक होती, त्यांचे स्नायूही कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. गर्भात अन्न कमी पडले तर देह स्नायूंवर काटकसर करतो आणि चरबी जपतो, असे यावरून दिसते. पुढे मोठेपणी खाणे मुबलक झाले आणि कष्ट कमी झाले की हीच चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेहाला वाट करून देते.

डॉ. याज्ञिकांनी स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण, अगदी सारखा, २२.३ इतका होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणजे वजनकाट्यावर बरोबरीचे दिसणारे दोन देह आतून सारखे नसतात.

म्हणूनच भारतीयांसाठी धोक्याची रेषा खाली धरली जाते. आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला तर वजन जास्त आणि २५ किंवा अधिक असेल तर स्थूलता मानतात. पाच फूट तीन इंच उंचीच्या व्यक्तीला ही रेषा सुमारे ५९ किलोवर सुरू होते आणि ६४ किलोला स्थूलता येते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यात बारीक दिसणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा शेजारच्या बाकावरील जाड माणसाकडे बोट दाखवण्याआधी प्रत्येकाने आपल्याच कमरेला टेप लावून पाहावी.

बदललेले शहर, बदललेले ताट

एके काळी सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठत असे. कामगार पायी किंवा सायकलने पाळीला जात. आज चार गल्ल्या पलीकडे जायलाही गाडी काढतो. यंत्रमागावर दहा-दहा, बारा-बारा तास उभे राहणारा माणूस थकतो खरा, पण त्याचे चालणे होत नाही. मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळणाऱ्या बाईचे हात दिवसभर चालतात, पाय मात्र मुडपलेलेच राहतात. अशा थकलेल्या जिवाला "संध्याकाळी व्यायाम करा" असा उपदेश करणे सोपे आहे. पण स्वयंपाक, धुणी, पाणी भरणे हे सगळे अजून तिची वाट पाहत असते. मग मुलांना दहा-वीस रुपयांत भजी किंवा वडापाव आणून दिला तर त्यात हावरेपणा किती आणि नाइलाज किती, याचा विचार व्हायला हवा.

ताटही बदलले. आपला जिल्हा रब्बी ज्वारीचा. मालदांडी ज्वारीच्या प्रसिद्ध वाणाची निवड आपल्याच मोहोळच्या केंद्रात झाली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमच्या आत. तंतूंमुळे पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि रक्तातील साखर सावकाश चढते. तरीही भाकरी ही रोजची आणि पाहुण्यांसाठी मात्र भात, पुरी, ब्रेड, केक अशी आपली समजूत होऊन बसली. भाकरी म्हणजे जादू नव्हे. तेल घातलेल्या शेंगाचटणीबरोबर चार भाकऱ्या खाल्ल्या तर त्याही अंगी लागणारच. पण घरचे चांगले धान्य हलके मानण्याचे कारण नाही.

आता चहाचा हिशेब करू. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. रोजची साखर झाली ४० ग्रॅम आणि वर्षाची साडेचौदा किलो! ही फक्त एका माणसाच्या चहातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असावी. तेलाचेही तसेच. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर कढई जरा जास्त वेळा चढते आहे असे समजावे.

उतरलेले वजन परत का येते?

अनेकजण जिद्दीने वजन उतरवतात आणि वर्षभरात ते परत येते. मग "माझ्यात निश्चयच नाही" असे म्हणून ते नाद सोडतात. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दहा आठवडे अगदी कमी आहार घेऊन वजन उतरवलेल्या लोकांची वर्षभराने तपासणी केली. भूक वाढवणारी संप्रेरके तेव्हाही चढलेली आणि पोट भरल्याची खूण देणारी उतरलेली आढळली. देहाला वाटते, दुष्काळ पडला आहे! म्हणून तो चरबी परत मिळवू पाहतो. यात निश्चयाचा दोष थोडा आणि देहाच्या स्वभावाचा भाग मोठा आहे. शिवाय थायरॉईडचे विकार, काही औषधे, बाळंतपण, अपुरी झोप यांमुळेही वजन वाढते. यासाठीच घाईचे उपाय, उपाशी राहणे आणि जाहिरातीतील पावडरी टाळाव्यात. सावकाश झालेला आणि जन्मभर पाळता येईल असा बदलच टिकतो.

खादाडपणा म्हणजे काय?

खादाडपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक आहे, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो. पण त्याचे माप वजनकाटा नाही. पोप संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तेच पुढे समजावून दिले : वेळेआधी खाणे, महागड्या खाण्याचा हव्यास, चोचले पुरवणे, अति खाणे आणि अधाशीपणे खाणे. ही यादी वाचली म्हणजे कळते की बारीक माणूसही खादाड असू शकतो आणि जाड माणूस संयमी असू शकतो. १९५८ ते १९६३ या काळात पोप असलेले जॉन तेविसावे चांगलेच स्थूल होते. २०१४ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले. आणि प्रभू येशू लोकांबरोबर जेवायला बसत असे म्हणून त्याच्या टीकाकारांनी त्यालाही खादाड ठरवले होते, हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आपण वाचतो. दुसऱ्याच्या ताटावरून त्याचा न्याय करणारे लोक तेव्हाही होते.

याचा अर्थ देहाची काळजी घेऊ नये असा नाही. आपला देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांना लिहितो. कॅटेकिझममध्ये (परिच्छेद २२८८ ते २२९०) आरोग्य ही देवाने सोपवलेली मोलाची देणगी म्हटली आहे आणि अन्न, दारू, तंबाखू यांचा अतिरेक टाळायला सांगितले आहे. पण तिथेच देहाची पूजा मांडण्याविरुद्धही इशारा दिला आहे. सडपातळ दिसावे म्हणून जेवण टाकणाऱ्या आपल्या मुलींना हा दुसरा भागही सांगितला पाहिजे.

उपवासाविषयी

राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंत सर्वांनी उपवास करायचा असतो. त्या दिवशी एकदा पोटभर आणि दोनदा थोडे खाता येते. आजारी माणसांना यातून सूट आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यालाही लागू पडते, कारण शुक्रवारी मटण वर्ज्य करून तळलेल्या मासळीवर ताव मारला तर त्यात त्याग कसला? आणि उपवास हे वजन उतरवण्याचे साधनही नव्हे. ताटातून काढलेला घास भुकेल्याच्या ताटात गेला तर तो उपवास.

आपण काय करू शकतो?

संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधने'त जेवणाविषयी आठ नियम दिले आहेत. त्यांतील दोन आजही उपयोगी पडतात. एक, जेवताना घाई करू नये आणि सगळे चित्त ताटात गुंतवू नये. दुसरा, पुढच्या जेवणाला किती खायचे हे आधीच, भूक नसताना ठरवावे. पोटात कावळे ओरडू लागले की माप राहत नाही, हे त्या संताने ओळखले होते.

चालणे आठवड्याला दीडशे मिनिटे तरी व्हावे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. आपल्या उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आतच जमते. एकट्या बाईला पहाटे बाहेर पडायला संकोच वाटतो, म्हणून वाडीतल्या चार-पाच जणींनी मिळून निघावे. चालता चालता जपमाळेची पाच रहस्ये म्हटली तर वीस-पंचवीस मिनिटे सहज होतात.

धर्मग्रामाच्या जेवणात आणि नाश्त्यात एक तरी पदार्थ न तळलेला असावा. बिनसाखरेचा चहा मागितला तर "एवढ्याने काय होतंय?" असे म्हणू नये. पाहुण्याने पुरे म्हटल्यावर पुन्हा वाढू नये. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानतात, पण मधुमेह असलेल्याला तो छळ होतो.

आणि उरलेले अन्न घरच्या आईने संपवायचे, ही रीत थांबवावी. ती सगळ्यांच्या शेवटी जेवते, टाकवत नाही म्हणून पातेल्यातले खाते आणि मग वजनाची बोलणीही तिनेच खायची! प्रभूने जवाच्या पाच भाकरींनी पाच हजारांना जेवू घातले तेव्हा सगळे तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करायला सांगितले. अन्न वाया गेले नाही आणि कोणाच्या पोटात कोंबलेही गेले नाही.

एलिया संदेष्टा थकून, निराश होऊन झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. त्याने भाकरी आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुढची वाट लांबची आहे याची आठवण दिली. वजनाशी झगडणाऱ्या आपल्या भावाबहिणीला आपल्याकडून असेच वागवले जावे.

कुटुंबात व वाडीच्या सभेत विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? त्या व्यक्तीच्या ताटात काय असते?
२. एखाद्याच्या अंगकाठीवरून आपण केलेली थट्टा त्याला कशी लागली असेल?
३. येत्या महिन्यात साखर, तेल आणि चालणे यांपैकी कोणती एक गोष्ट आपण सगळे मिळून बदलू शकू?