कडबा आणि किराळ : ज्वारीच्या चाऱ्यावरील दुभत्या जनावरांची निगा

परभणी जिल्ह्यात दुभत्या जनावरांच्या आहाराचा विचार ज्वारीपासूनच सुरू करावा लागतो. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी बहुतांशी जमिनीतील ओलीवर येते आणि कणसे खुडल्यावर उरलेल्या कडब्यावर लाल कंधारी व देवणी गाई तसेच म्हशी मृगाच्या पावसापर्यंत तग धरतात. याच पिकाचे कोवळे फुटवे मात्र धडधाकट गाईचा तासाभरात प्राण घेऊ शकतात. तेव्हा ज्वारी कोणत्या अवस्थेत चारा आहे व कोणत्या अवस्थेत विष, हे गोठ्यातील प्रत्येक माणसाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम कडब्याविषयी. खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने बऱ्याच अंशी घेतल्यामुळे कडबा पूर्वीसारखा मुबलक राहिलेला नाही. असे असूनही अख्ख्या पेंढ्या जनावरांपुढे टाकण्याची रीत अद्याप सुटलेली नाही. जनावर पाने व शेंडे ओरबाडून खाते आणि जाड बुडखे पायाखाली शेणामुतात जातात. कडब्याची एक ते दोन इंच लांबीची कुट्टी करून ती गव्हाणीत घातल्यास ही नासाडी पुष्कळ कमी होते. कुट्टी यंत्राचा खर्च एकट्याला झेपत नसेल, तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून यंत्र घ्यावे. गंज उंचवट्यावर, खाली दगड वा लाकडे रचून घालावी आणि वरून झाकावी. अवकाळी पावसाने काळा पडलेला, बुरशीचा कडबा गाभण गाईला तर कदापि घालू नये. पेरणीपूर्वी वाण निवडतानाच कडब्याचा विचार केलेला बरा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२, २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने) ‘परभणी मोती’ व ‘परभणी ज्योती’ हे रब्बी वाण धान्याबरोबर कडब्यासाठीही उपयोगी आहेत.

कडब्याने पोट भरते, दूध वाढत नाही. त्यात प्रथिने शेकडा तीन-चारच असतात. नुसत्या कडब्यावर ठेवलेली गाय काही दिवस अंगचे मांस झिजवून दूध देते, पुढे आटते व माजावर येण्यास विलंब लावते. दोष मात्र बहुधा तिच्या जातीला दिला जातो! म्हणून कुट्टीबरोबर सोयाबीनचे भुसकट, तुरीची गुळी व मिळेल तितका हिरवा चारा द्यावा. शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो आणि गाईच्या दर अडीच-तीन लिटर दुधामागे एक किलो या बेताने सरकीची ढेप, तुरीची चुणी व भरडा यांचा खुराक असावा. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि उन्हाळ्यात दिवसभर सावलीतले पाणी, यांत काटकसर करू नये.

निकृष्ट चाऱ्याचा कस वाढविण्यासाठी युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो कोरड्या कुट्टीस ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, थर दाबून हवाबंद झाकावेत व २१ दिवसांनी उघडावेत. काढलेला चारा काही तास पसरून वास गेल्यावरच, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये. युरियाचे पाणी उघड्यावर राहिले आणि जनावराने ते प्यायले, तर मृत्यू ओढवतो.

आता किराळ. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत व फुटव्यांत धुरिन नावाचा घटक असतो. चावताना व कोठीपोटात पाने चिरडली गेली की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. त्यामुळे रक्तात प्राणवायू असूनही शरीराच्या पेशींना तो वापरता येत नाही. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या या सर्वांना ही बाधा होते. पावसाने ताण दिल्यामुळे खुरटलेली खरीप ज्वारी आणि कापणीनंतर अवकाळी पावसाने वा कालव्याच्या पाण्याने खुंटांना आलेले हिरवे फुटवे, हे धोक्याचे दोन प्रसंग होत. दुसरा अधिक फसवा, कारण पीक निघाल्यावर रान मोकळे समजून भुकेली जनावरे त्यात सोडली जातात. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी ज्वारी चारू नये. फुटवे आलेल्या रानात तर जनावर सोडूच नये, ते रान नांगरून टाकावे. चांगल्या वाळलेल्या कडब्यात हे विष बरेच कमी झालेले असते.

बाधा झालेले जनावर काही मिनिटांतच धापा टाकू लागते, तोंडास फेस येतो, अंग थरथरते, पाय लटपटतात व ते आडवे पडते. पुष्कळदा ‘पान लागले’ असे समजून मांत्रिकाकडे धाव घेतली जाते आणि मोलाचा अर्धा तास वाया जातो. प्रारंभी डोळ्यांच्या व हिरड्यांच्या आतील भाग लालभडक दिसतो, ही खूण गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना दाखवून ठेवावी. यावर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून द्यावी लागतात व ते काम पशुवैद्यकाचेच आहे. धापा टाकणाऱ्या जनावराला तोंडाने काढा किंवा तेल पाजू नये. ते फुप्फुसात उतरते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास अथवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर कळविताना जनावराने कोवळी ज्वारी खाल्ली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि तोवर त्या रानातली बाकीची जनावरे, धडधाकट दिसत असली तरी, तत्काळ बाहेर काढावीत.