अर्ध्या थायरॉइडवर शरीर कसं चालतं?

प्रश्न : महिन्यापूर्वी ऑपरेशन करून माझ्या थायरॉइडचा उजवा अर्धा भाग काढला. बायोप्सीत गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. दीड महिना झाला की टीएसएच करून या, एवढंच म्हणाले. ओळखीपाळखीतले सगळे सांगतात, थायरॉइड काढली की जन्मभर गोळी. मग उरलेल्या अर्ध्यावर शरीर चालतं कसं? काढलेला भाग पुन्हा वाढतो का? मी शाळेत शिकवते. चौथ्या तासापर्यंत आवाज बसतो, तो सुधारेल ना?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : जन्मभराची गोळी हमखास लागते ती पूर्ण ग्रंथी काढलेल्यांना. तुमचा डावा लोब शाबूत आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणाही शाबूत आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन कमी झाल्याचं लगेच कळतं. मग ती टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वाढवते आणि त्या हुकमावर उरलेला लोब जास्त हार्मोन तयार करू लागतो. या मेहनतीने तो थोडा मोठाही होऊ शकतो. काढलेला भाग मात्र परत उगवत नाही. बहुतेकांचं एवढ्यावर नीट भागतं. साधारण पाचांतल्या एकाचं भागत नाही आणि त्याला गोळी सुरू करावी लागते. ऑपरेशनच्या आधीच ज्यांचं टीएसएच नॉर्मलच्या वरच्या टोकाला होतं किंवा अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह होतं, त्यांच्यात ही शक्यता जास्त. तुमचे जुने रिपोर्ट काढून या दोन गोष्टी जरूर बघा.

दीड महिना थांबायचं, कारण काढलेल्या भागाने आधी तयार केलेलं हार्मोन बराच काळ रक्तात असतं. टी-४ हे थायरॉइडचं मुख्य हार्मोन निम्म्यावर यायलाच आठवडाभर लागतो. घाईने केलेला रिपोर्ट त्यामुळे खोटा दिलासा देतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा आणि तपासणीआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा. त्या गोळ्यांमुळे आकडे चुकतात.

अर्धी ग्रंथी राखण्याचं मोल वैद्यकाला फार जड किंमत देऊन कळलं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर गलगंडाची ऑपरेशनं इतक्या सफाईने करत की पूर्ण ग्रंथी काढूनही रुग्ण सुखरूप घरी जात. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण थायरॉइड काढली. पुढे तिची वाढ खुंटली, चेहरा सुजला, बुद्धी मंदावली. धाकटी बहीण उंचीत तिच्या पुढे गेली. कोखर हादरले. त्यांनी जुने रुग्ण परत बोलावून तपासले, तेव्हा पूर्ण ग्रंथी गेलेल्या बहुतेकांची हीच गत झालेली दिसली. १८८३ मध्ये त्यांनी हे उघडपणे मांडलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. १९०९ चं नोबेल त्यांना थायरॉइडवरच्या कामासाठी मिळालं. त्या मुलीच्या वेळी हार्मोनची गोळी नव्हती, आज आहे. म्हणून उद्या तुम्हाला ती लागलीच, तरी घाबरायचं कारण नाही. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने.

आता आवाज. भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा घोगरेपणा काही दिवसांत जातो. तुमचा महिन्यानंतरही बसतोय, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरपट्ट्या आताच तपासून घ्या. थायरॉइडला खेटून स्वरयंत्राच्या नसा जातात. वरच्या बाजूची बारीक नस दुखावली तर रोजचं बोलणं ठीक वाटतं, पण वरचा सूर लागत नाही, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही आणि बोलून लवकर थकायला होतं. ताणलेली नस बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते, स्पीच थेरपीने मदतही होते. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा. तोवर शाळेत छोटा माइक वापरा. कुजबुजून बोलू नका, त्याने ताण वाढतो.

व्रणाचंही सांगतो. गिळताना कातडी ओढल्यासारखी वाटते, कारण व्रण आतल्या थरांना चिकटलेला असतो. जखम पूर्ण भरली असेल तर डॉक्टरांना विचारून बोटाने हलका मसाज सुरू करा. मंगळसूत्राची वाटी किंवा साखळी व्रणावर घासत असेल तर काही महिने काढून ठेवा किंवा लांब घाला. उन्हात ओढणी-पदराने गळा झाका. ऊन लागलं की व्रण काळा पडतो. त्याचा रंग आणि उंचवटा बसायला वर्षही लागतं. खाण्यापिण्यात थायरॉइडसाठी कोबी-फ्लॉवर सोडायची गरज नाही, शिजवून खुशाल खा. मीठ मात्र आयोडीनयुक्तच हवं. सगळ्या स्वयंपाकात सैंधव वापरत असाल तर बदला.

जखम आठवड्यांत भरते. उरलेल्या लोबची ताकद कळायला वर्ष जातं. मधल्या काळात थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, पाळीत जास्त रक्त जाणं यांना ‘ऑपरेशनचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका, आणि दिवस राहिल्याचं कळलं तर लगेच टीएसएच करा. दीड महिन्याचा रिपोर्ट चांगला आला, तरी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी रक्त तपासायचंच.