मेंढीच्या कानातील बिल्ला

परळ म्हटले की गिरण्यांचे नाव ओठांवर येते. त्यांचे भोंगे आता थांबले. परंतु १८८६ साली परळला सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आजही आपले काम करीत आहे. येथे शिकलेले पशुवैद्य राज्यभर जातात. त्यांतील कोणी माणदेशाच्या माळावर गेला, तर त्याची गाठ धनगराच्या कळपाशी पडते, आणि कानात बिल्ला मारण्याचे कामही त्याच्याकडे येते.

मुलांनो, धनगर आपली प्रत्येक मेंढी ओळखतो. तिचा चेहरा, तिची चाल, तिचे ओरडणे हे सारे त्याला पाठ असते. मग तिला क्रमांक कशाला हवा? दादरच्या फलाटावर गर्दीतही आई आपले मूल ओळखते. पण ते हरवले, तर शिपायाला त्याच्या खिशातील चिठ्ठीच वाचावी लागते. मेंढी विकली गेली, आजारी पडली किंवा चोरीस गेली, म्हणजे तिची ओळख परक्यांना पटवावी लागते.

२००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली. मेंढ्यांत ह्या रोगाची लक्षणे पुष्कळदा अस्पष्ट असतात, त्यामुळे तो ध्यानात येण्यापूर्वीच बाजारांतून मेंढ्या दूरदूर पोचल्या होत्या. कोणती मेंढी कोठून आली, ह्याचा माग लावणे कठीण झाले. साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांत निरोगीही पुष्कळ होती. पुढे २०१० पासून युरोपीय संघाच्या देशांत मेंढ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक ओळख सक्तीची होऊ लागली.

ह्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याची रचना मोठी मौजेची आहे. त्यात विजेरी नसते. असते ती तारेची बारीक गुंडाळी आणि तिला जोडलेली इवलीशी चिप. वाचक यंत्र जवळ आणले की त्याच्या रेडिओलहरींमुळे गुंडाळीत वीज निर्माण होते आणि चिप आपला क्रमांक कळविते. अरुंद वाटेने मेंढ्या एकामागून एक सोडल्या, तर कोणाला हात न लावता कळपाची नोंद होते.

आपल्याकडील बिल्ला साधा आहे. पिवळ्या प्लास्टिकवर बारा अंकी क्रमांक आणि पट्ट्यांची खूण असते; तो जवळ जाऊनच वाचावा लागतो. बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीस महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून मनाई करण्यात आली.

बिल्ला मारणाऱ्याने कानातील शिरा चुकवाव्या आणि हत्यार जंतुरहित ठेवावे, नाही तर जखम चिघळते. बाभळीच्या काट्यांत अडकून बिल्ला कधी कानासकट फाटतो, ही धनगरांची तक्रार मला रास्त वाटते. अशा वेळी नवा बिल्ला मारताना त्याची जुन्या क्रमांकाशी जोड घालावी लागते. ती राहून गेली, तर मेंढी डोळ्यांसमोर चरत असूनही तिला टोचलेल्या लसींची नोंद मात्र भलत्याच क्रमांकावर पडून राहते.