उद्या म्हणजे कधी?

"बाळाचं नाव लावलं का कचेरीत?"
"नाही अजून. उद्या जातो."
"अहो, गेल्या महिन्यातही उद्याच म्हणाला होतात!"

असे बोलणे आपण घरोघर ऐकतो. गावात ऐकतो, तसे घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतही ऐकतो. बारसे थाटात होते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. घुगऱ्या वाटतात. पण सरकारी नोंदीत बाळाच्या नावाची जागा कोरीच राहते.

ती कोरी का राहते? दवाखान्यात मूल जन्मले, तर दवाखाना जन्माची खबर देतो. घरी जन्मले, तर घरच्या माणसाने द्यायची असते. 1969 च्या कायद्याप्रमाणे ही खबर 21 दिवसांत द्यावी लागते. तेव्हा पुष्कळदा नाव ठरलेले नसते. म्हणून नोंद नावाशिवाय होते. पुढे 12 महिन्यांच्या आत आईबापांनी नाव कळवले, तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर विलंब शुल्क भरावे लागते.

काम एवढेच. जिथे जन्म झाला, तिथल्या कचेरीत जायचे. मुंबईत महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात जायचे. घाटकोपरसाठी एन विभाग, मुलुंडसाठी टी विभाग. गावी ग्रामपंचायतीत जायचे. पण हे काम राहिले तर? 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला लागतो. दाखल्यावर नाव नसेल, तर उद्या शाळेच्या दारात कोण अडेल? 'उद्या' बाप म्हणतो, पण अडते मूल.

मग माणूस जात का नाही? लोक म्हणतात, आळशी आहे. आम्हाला तसे वाटत नाही. हाच माणूस पहाटे पाणी भरतो, दिवसभर ओझी वाहतो. तो आळशी कसा? त्याच्या मनात भीती असते. खिडकीवरचा माणूस ओरडेल. एखादा कागद कमी पडेल. चारचौघांत सही वाकडी येईल. 'उद्या' म्हटले की भीती घटकाभर टळते, बरे वाटते. म्हणून पुन्हा 'उद्या' म्हणावेसे वाटते. असे महिने गेले की भीतीत लाजेची भर पडते. मग तो म्हणतो, "मन झालं की जाईन." आणि मन काही होत नाही.

आता अंधेरी स्टेशनावर सकाळी काय दिसते ते पाहू या. पांढरी टोपी घातलेले डबेवाले दिसतात. यांतले बहुतेक जण पुणे जिल्ह्यातले. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली हे काम सुरू केले, असे सांगतात. 2020 च्या टाळेबंदीनंतर डबेवाल्यांची संख्या पुष्कळ घटली. तरी काम चालू आहे.

डबेवाल्याला रोज उत्साह असतो का? तोही माणूसच. पावसाळ्यात त्याचेही अंग दुखते. तरी तो निघतो. कारण त्याने मनावर काही सोडलेलेच नाही.

एक, त्याची वेळ ठरलेली. लोकल कुणासाठी थांबत नाही.

दोन, त्याच्या वाट्याला कामाचा तुकडाच येतो. एकाने घरून डबा आणायचा, दुसऱ्याने गाडीत चढवायचा, तिसऱ्याने पोचवायचा. झाकणावरची खूण आणि आकडा पाहिला की पुढे काय करायचे ते कळते.

तीन, कोणीतरी त्याची वाट पाहत असते. घरी बाई डबा भरून दारात उभी. स्टेशनावर जोडीदार उभा.

आणि हो, त्याची सुटीही ठरलेली असते. गावच्या यात्रेला तो दर वर्षी काही दिवस गावी जातो.

हेच आपण नाव नोंदवण्याच्या कामाला लावू या. सगळे काम एका दिवसात करायचे नाही. त्याचे तुकडे पाडायचे.

सोमवारी फक्त विचारून यायचे, "कोणते कागद लागतात?" बाकी काही नाही.
मंगळवारी रात्री जेवणानंतर ते कागद एका पिशवीत घालायचे. पिशवी दारामागच्या खुंटीला टांगायची.
बुधवारी दहा वाजता कचेरीत जायचे. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवायचे, "दादा, बुधवारी माझ्याबरोबर चला."

शेजारी दारात येऊन उभा राहिला की पाय आपोआप निघतात. पहिला तुकडा झाला की दुसऱ्याची भीती कमी होते. मन आधी आणि काम मागून, असे क्वचित होते. बहुधा काम आधी सुरू होते, मन मागून येते.

कोणी म्हणेल, "आता फार उशीर झाला, जाऊन काय उपयोग?" त्याने ठाणे जिल्ह्यातले फांगणे गाव आठवावे. ते मुरबाड तालुक्यात आहे. तिथे 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन शाळेत जाऊ लागल्या. वेळ ठरलेली, गणवेश ठरलेला, बरोबर मैत्रिणी. साठ वर्षे राहून गेलेले काम एका अक्षरापासून सुरू झाले. तुमच्या कामाला तर एखादे वर्षच उशीर झाला असेल.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच जीव रमत नाही, असे असेल तर ती चालढकल नव्हे. तो आजार असू शकतो. त्याला रागावू नका. डॉक्टरांना दाखवा. 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते.

करून पाहा

1. तुमचे कोणते काम 'उद्या'वर पडले आहे? त्याचे नाव वहीत लिहा.
2. त्या कामाची भीती कशाची वाटते? एका ओळीत लिहा.
3. त्याचा पहिला लहान तुकडा कोणता? त्यापुढे वार आणि वेळ लिहा.
4. बरोबर कोण येईल? त्याला आजच सांगा.

चौथे उत्तर लिहून झाले की वही मिटा, आणि त्या माणसाच्या घरी जा.