काढ्याआधी कॅलेंडर

आई-बाबांनो,

आपल्या आष्टी तालुक्यातल्या संत्रा बागाईतदाराला विचारा, बागेला ताण कधी दिला, पाणी कधी सोडलं. तारखेसकट सांगेल. त्याच घरात 'पोरीची मागची पाळी कधी आली?' म्हटलं, की आई पोरीकडे बघते, पोरगी खाली बघते आणि बाबा उठून अंगणात जातात. मग पोट दुखलं की काढा, पाळी लांबली की काढा, अंगावरून जास्त गेलं तरी काढाच!

काढ्याशी माझं भांडण नाही. ओव्याचं किंवा सुंठेचं गरम पाणी प्यायलं, ओटीपोटाला शेक दिला, की पुष्कळ मुलींना बरं वाटतं. पण औषध कशावर देतोय ते आधी कळायला हवं. त्यासाठी एक वही पुरे. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. किती दिवस गेलं, किती पॅड लागले, दुखलं किती, तेही लिहायचं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे अंतर २१ ते ४५ दिवस असू शकतं. म्हणून एखादी पाळी मागेपुढे झाली की लगेच घाबरू नका.

जास्त रक्तस्रावावर आयुर्वेदात अशोकाची साल सांगितली आहे. पण शाळेच्या कुंपणाला उभा असतो तो सरळसोट अशोक निराळा. औषधी तो सीता-अशोक. साल काढून घरी उकळण्याचा उद्योग नको. अशोकारिष्टातही आंबवण्यातून तयार झालेला मद्यार्क असतो. वैद्यांना विचारल्याशिवाय मुलीला देऊ नका. आणि महालक्ष्म्या आल्या म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणता ना? त्या हार्मोनच्या असतात. डॉक्टरांनी दिल्याशिवाय नकोत. तारीख बदलण्यापेक्षा घरातला विटाळ सोडणं सोपं.

खरी काळजी रक्ताची करा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून तर नाही ना, बघा. ती जेवणानंतर घ्यावी, वर लगेच चहा नको. चहानं लोह अंगी लागत नाही; संत्र्या-लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लागतं. बाजारात जाणाऱ्या मालातलं एखादं संत्रं पोरीच्याही हातावर ठेवा.

तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांपुढे जात असेल, दुखण्यानं शाळा बुडत असेल, तीन महिने पाळीच आली नसेल किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही सुरू झाली नसेल, तर काढा बाजूला ठेवा. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा; पुढे गरज पडली तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. जाताना वही न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तारखेचाच असतो.

बाबा, तुम्ही अंगणात जाऊ नका. सगळं विचारायची गरज नाही. किराण्याच्या यादीत पॅड लिहा आणि कागदात न लपवता आणा. वही मात्र तिचीच राहू द्या. तिनंच लिहावी, आणि दुसऱ्या कुणी उघडायची तर तिला विचारून.