बोटांनीं पाहावयाचें चित्र

चित्र हें डोळ्यांनींच पाहावयाचें, अशी आपली समजूत असते. मग ज्यांस दृष्टि नाहीं त्यांनीं चित्राचा आनंद कसा घ्यावा? हा प्रश्न आम्हीं चित्रकलेच्या वर्गांत हातीं घेतला. पुठ्ठ्यावर खळीनें सुतळी, कापूस व ज्वारीचे दाणे चिकटवून मुलांनीं झाडामागें उभ्या असलेल्या गाईचें चित्र मोठ्या हौसेनें केलें. एका अंध गृहस्थांनीं तें चाचपून विचारिलें, "गाईचें डोकें कोठें गेलें?" डोकें झाडाआड होतें. डोळ्यांस हें कळतें. बोटांस मात्र ती गाय बिनडोक्याचीच!

असाच धडा पूर्वींही मिळाला होता. पॅरिस येथें वालांतँ आवी यांनीं १७८५ सालीं अंध मुलांची शाळा काढिली व रोमन अक्षरेंच कागदावर उठविलीं. तीं डोळसांस परिचयाचीं होतीं. परंतु बोटांस उमगण्यास फार वेळ लागे. पुढें त्याच शाळेंतील अंध विद्यार्थी लुई ब्रेल यानें सहा टिंबांची लिपि योजून १८२९ सालीं प्रसिद्ध केली. तिचें एक अक्षर बोटाच्या अग्राखालीं मावतें.

यास्तव मुलांनीं आपलें चित्र प्रथम डोळे बांधून चाचपावें. मग नियम आपोआप कळतात: रेघा थोड्या असाव्या, मध्यें मोकळी जागा असावी, एका वस्तूनें दुसरी झांकूं नये, पाण्यास रेशमी चिंधी, तर भुईस वाळू लावावी.

दुसऱ्या खेपेस मुलांनीं गाय झाडाशेजारीं आणिली. त्या गृहस्थांचीं बोटें शिंगांपर्यंत पोंचलीं, आणि ते हंसले.