गाडी स्लोला राहत नाही? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

"सर, गॅरेज टाकायचंय, सुरुवात कुठल्या कामापासून करू?" हा प्रश्न मला जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. जुन्या गाडीची स्लोची तक्रार नीट पकडायला शिका. नवी गाडी वॉरंटीत शोरूमला जाते, पण पंधरा-वीस वर्षांची ओम्नी किंवा मारुती ८०० तुमच्याच दारात येणार. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझीच चूक सांगतो.

दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. पुढे स्पेअर पार्टचं काउंटर आणि मागे एक गाडी उभी राहील एवढी जागा. हिवाळा होता, भरिताच्या वांग्यांचा सीझन. जळगावहून धुळ्याच्या मार्केटला वांगी नेणारे एक दादा त्यांची कार्बोरेटरवाली ओम्नी घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, गाडी उभी राहिनी का बंद पडी जास." मी एकही प्रश्न विचारला नाही. प्लगचा सेट टाकून दिला. चार दिवसांनी परत आले, तेव्हा कार्बोरेटरचं किट टाकलं. तिसऱ्यांदा पेट्रोल पंप. सगळे मिळून २,८५० रुपये झाले आणि मी मनात खूश, काउंटरवर माल खपतोय ना! चौथ्यांदा गाडी पारोळ्याजवळ बंद पडली, पहाटे. धुळ्याला पोचेपर्यंत लिलाव उरकला होता. वांगी पडेल भावात गेली.

दोष निघाला एका रबरी नळीत. हेड कव्हरवरून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारी नळी खालच्या बाजूने चिरली होती. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे वरून बघणाऱ्याला ती चीर दिसतच नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सीट काढून बॅटरी लावली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथून हवा ओढतेय." नळी ७० रुपयांची. दादांनी पैसे दिले, भांडले नाहीत. पण पुन्हा आलेही नाहीत.

आता बघा, मी काय विचारायला हवं होतं. "गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर?" दादा म्हणाले असते, "सकाळी चोक ओढलेला असतो तोवर मस्त चालते." तिथेच अर्धं निदान झालं असतं. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. म्हणजे चोकवर गाडी सुधारत असेल तर एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. कारणं मुख्यतः दोन: स्लो जेटमध्ये कचरा, नाहीतर कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय. उलट चोक ओढल्यावर आणखी बिघडली, काळा धूर आला, प्लग काजळीने भरलेले निघाले, तर पेट्रोल जास्त होतंय. तेव्हा फ्लोटची लेव्हल, नीडल आणि एअर फिल्टर बघा. खान्देशातल्या धुळीत एअर फिल्टर तर पहिल्यांदा काढून बघायचा.

फुकटची हवा शोधायला साधी पद्धत आहे. गाडी स्लोवर चालू ठेवा आणि मॅनिफोल्डच्या नळ्यांवर, कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरींवर पाणी उडू देऊ नका. जिथे पाणी पडल्यावर इंजिनचा आवाज बदलतो, तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे मारतात. शेजारीच तापलेला सायलेन्सर असतो. माझ्या जागेत मी ते करू देत नाही.

दुसरा प्रश्न: नुसती बंद पडते की थरथरतेही? ओम्नी आणि ८०० ला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. एक सिलिंडर झोपला की एक तृतीयांश ताकद गेली, गाडी हलणारच. कार्बोरेटरच्या गाडीत इन्सुलेटेड पक्कडने एकेक प्लगची वायर क्षणभर काढा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी पडतं. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही, तो तुमचा आजारी सिलिंडर. मग प्लग, वायर, कॅप आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने जा. एमपीएफआय गाडीत वायर ओढू नका, इंजेक्टरचा कनेक्टर काढून हीच परीक्षा घ्या. स्लो बिघडलेल्या एमपीएफआय गाडीत मी आधी थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि आयडलचा व्हॉल्व्ह साफ करतो, सोबत स्कॅनर लावतो. सेन्सर बदलायची घाई नको. फुटकी नळीसुद्धा स्कॅनरवर सेन्सरची तक्रार म्हणून दिसू शकते.

सगळ्यात अवघड गाडी म्हणजे गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा अशा गाड्यांची रांग लागते. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी थंड होते आणि दोष लपतो. म्हणून गाडी बंद पडेल त्या मिनिटालाच बघायचं, करंट आहे का आणि पेट्रोल आहे का. जादाचा प्लग वायरला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवा, स्टार्टर मारा. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन दगा देतोय. ठिणगी असेल तर ते आवरा आणि मगच एअर क्लीनर उघडा. हाताने एक्सलेटर दाबल्यावर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पिचकारी दिसली पाहिजे. दिसली नाही तर लाइनमध्ये पेट्रोलची वाफ झालीय, फिल्टर जाम आहे किंवा पंप गेला. दोन्ही तपासण्या एकत्र करू नका, आग लागते.

हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं. जुन्या गाडीचं रबर त्याने लवकर खराब होऊ शकतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसू शकतं. गाडी किती दिवस उभी होती, हेही विचारा.

आता धंद्याचं. मी तपासणीचे ३०० रुपये वेगळे घेतो आणि काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा करतो. सुरुवातीला लोक कुरकुरले. "नुसतं बघायचे पैसे?" मी त्यांना हिशोब दाखवतो: तपासणी ३००, नळी ७०, मजुरी वेगळी. समोर त्या ओम्नीचे २,८५०. काही जण तरीही निघून जातात, जाऊ द्या. पण तपासणीचे पैसे मिळत नसतील तर मिस्त्रीला पार्ट विकूनच पोट भरावं लागतं, आणि मी त्या हिवाळ्यात नेमकं तेच केलं.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. ओळखीच्या गॅरेजमध्ये एक दिवस बसा आणि स्लोची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीचं वहीत लिहा: थंड की गरम, चोकवर काय होतं, आधी कोणतं काम झालं, शेवटी दोष कुठे निघाला. माझ्या काउंटरवर अशी वही आहे. पहिल्या पानावर त्या दादांची ओम्नी आहे.